फसवणुकीतील सचोटी

जादूचे प्रयोग करणारा कलावंत आणि त्याच्यापुढे तिकीट काढून बसलेला प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार झालेला असतो. आपण फसवले जाणार आहोत हे प्रेक्षकाला ठाऊक असते. किंबहुना त्यासाठीच त्याने पदरमोड केलेली असते. जादूगारही आपल्याला दैवी सिद्धी प्राप्त झाल्याचा दावा करीत नाही. खेळ संपला की दोघेही आपापल्या वाटेने जातात आणि कोणाचे काही लुबाडले गेलेले नसते. हा करार मोडला, की तीच कला जुगाऱ्याच्या हाती लुबाडणुकीचे, भोंदूच्या हाती अंधश्रद्धेचे आणि राज्यकर्त्याच्या हाती वर्चस्वाचे साधन बनते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच जादूगार झाँ यूजेन रॉबेर-हूदँ याला आधुनिक जादूकलेचा जनक मानले जाते. हा करार प्रतिष्ठेला नेण्याचे श्रेय त्याचे, आणि सत्तेच्या सेवेत असताना तोच करार त्याच्याकडून मोडलाही गेला. म्हणूनच त्याचे चरित्र केवळ करमणुकीच्या इतिहासापुरते मर्यादित राहत नाही.

घड्याळजीचा मुलगा

डिसेंबर १८०५ मध्ये फ्रान्समधील ब्लवा या गावी रॉबेरचा जन्म झाला. वडील घड्याळजी होते. आपल्या मुलाने हत्यारे न धरता लेखणी धरावी, वकिलीसारख्या प्रतिष्ठित पेशात जावे, ही मध्यमवर्गीय पित्याची इच्छा आपल्याकडील वाचकांना अपरिचित वाटणार नाही. त्याप्रमाणे मुलाला ऑर्लेआँच्या विद्यालयात धाडण्यात आले आणि शिक्षणानंतर कायद्याच्या कचेरीत नकलनविसाची जागाही मिळाली. परंतु दस्तऐवजांच्या नकला करण्यापेक्षा पक्ष्यांच्या पिंजऱ्यात यांत्रिक करामती बसविण्यात त्याचे मन अधिक रमे. अखेरीस वडिलांना माघार घ्यावी लागली आणि मुलगा नात्यातील एका घड्याळजीकडे उमेदवारी करू लागला.

याच काळात त्याने घड्याळशास्त्रावरील एक द्विखंडी ग्रंथ मागविला आणि पुस्तकविक्रेत्याने चुकून त्याच्या हाती वैज्ञानिक करमणुकीचे खंड दिले, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या पानांत हातचलाखीच्या खेळांची वर्णने होती. ती वाचून त्याची झोप उडाली. मात्र पुस्तकात खेळाचा परिणाम सांगितलेला असला, तरी बोटे नेमकी कशी हलवावयाची हे कोणतेच पुस्तक पुरतेपणी शिकवू शकत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. ब्लवामध्ये लोकांच्या पायांची कुरुपे काढणारा माऊस नावाचा एक गृहस्थ चेंडूंचे खेळही करीत असे. तरुण रॉबेरने त्याला दहा फ्रँक देऊन शिकवणी लावली. थोड्याच दिवसांत गुरूची विद्या संपली; शिष्याची भूक मात्र तशीच राहिली.

हातांचे शिक्षण

पुढे त्याने स्वतःला जी शिस्त लावून घेतली ती कोणत्याही कलेच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. चार चेंडू हवेत खेळते ठेवून समोर उघडलेले पुस्तक न अडखळता वाचण्याचा त्याने सराव केला. यातील मर्म चेंडूंत नव्हते. हात एक काम करीत असताना नजर आणि मन दुसऱ्या कामात सर्वस्वी गुंतलेले असावे, याचे ते शिक्षण होते. कोटाला दोन्ही बाजूंनी खास खिसे करवून घेऊन तो रस्त्याने चालताना त्यात हात घाली आणि पत्ते वा नाणी यांच्याशी बोटांचा अभ्यास चालू ठेवी. भोवतालच्या लोकांना एक सभ्य तरुण फिरावयास निघालेला दिसे. खिशात मात्र त्याची शाळा भरलेली असे.

हातचलाखीचा पाया तसा थोड्याच क्रियांचा आहे. नाणे तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागाच्या घडीत धरावयाचे आणि तरीही बोटे मोकळी, नैसर्गिक दिसली पाहिजेत. पत्त्यांच्या जोडाचे दोन भाग डोळ्यांदेखत अदलाबदल करावयाचे आणि तरीही जोड जागचा हललेला दिसता कामा नये. प्रेक्षकाने स्वखुशीने निवडला असे त्याला वाटणारा पत्ता प्रत्यक्षात जादूगाराने त्याच्या हाती सरकवावयाचा. परंतु या क्रियांना अर्थ येतो तो नजरेमुळे. जादूगार ज्या हाताकडे पाहतो त्या हाताकडे प्रेक्षक पाहतो. जादूगार ज्यावर विश्वास ठेवतो असे दिसते त्यावर प्रेक्षक विश्वास ठेवतो. रिकामी मूठ भरलेली आहे असे स्वतः मानल्याखेरीज ती दुसऱ्याला भरलेली वाटत नाही. म्हणूनच जादूगार हा हात चपळ असलेला कसरतपटू नसून जादूगाराची भूमिका वठविणारा नट होय, अशी भूमिका रॉबेर-हूदँने पुढे आपल्या ग्रंथात मांडली. दूरच्या रंगमंचापेक्षा टेबलाच्या पलीकडे हातभर अंतरावर बसलेल्या चार माणसांपुढे या सिद्धांताची खरी कसोटी लागते. तेथे पडदा नसतो, दिव्यांची योजना नसते. असतात ती फक्त दोन बोलकी बोटे आणि एक शांत चेहरा.

टॉरिनी नावाच्या एका फिरत्या जादूगाराने आजारपणात आपल्याला आश्रय दिला आणि विद्या दिली, अशीही एक हृद्य कथा आत्मचरित्रात आहे. पुढील संशोधकांना या टॉरिनीचा अन्यत्र कोठेही माग लागला नाही आणि तो बहुधा कल्पित असावा असे त्यांचे मत आहे. जन्मभर लोकांच्या विश्वासाशी खेळ करणाऱ्या माणसाने लिहिलेले आत्मचरित्र वाचताना वाचकाने दुसऱ्या हाताकडेही लक्ष ठेवावे, हे बरे.

२०० आसनांचे नाट्यगृह

१८३० मध्ये पॅरिसमधील हूदँ या घड्याळजीच्या कन्येशी त्याचा विवाह झाला आणि पत्नीचे कुलनाम त्याने आपल्या नावाला जोडले. पुढची पंधरा वर्षे घड्याळे, यांत्रिक खेळणी आणि स्वयंचलित बाहुल्या करण्यात गेली. या काळाने त्याला कर्ज दाखविले, मुलांचे मृत्यू दाखविले आणि १८४३ मध्ये पत्नीचाही मृत्यू दाखविला. लिहिणारी आणि चित्रे काढणारी त्याची यांत्रिक बाहुली १८४४ च्या पॅरिस प्रदर्शनात राजा लुई फिलिपने पाहिली व पुढे ती बार्नम या प्रख्यात अमेरिकन तमाशगिराने विकत घेतली. लेस्कालोपिए नावाच्या सरदार मित्राने १५ हजार फ्रँक पुढे केले तेव्हा कोठे स्वतःच्या नाट्यगृहाचे स्वप्न आवाक्यात आले.

३ जुलै १८४५ रोजी पॅरिसच्या पॅले-रॉयल भागात सुमारे २०० आसनांचे हे छोटेखानी नाट्यगृह उघडले. त्या वेळी तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. पहिला प्रयोग फसला. भीतीने जीभ सैरावैरा धावू लागली, स्वर एकसुरी झाला आणि दुसऱ्या दिवशी नाट्यगृह कायमचे बंद करण्याच्या विचारापर्यंत मजल गेली. एका मित्राने तो विचार रास्त असल्याचे म्हणताच स्वाभिमान डिवचला गेला आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले. खिशातल्या शाळेत बोटे तयार झाली होती. लोकांपुढे उभे राहण्याचे शिक्षण मात्र लोकांपुढेच घ्यावे लागले.

त्याने केलेला बदल वरकरणी साधा होता. तत्कालीन जादूगारांचे चमकदार झगे, जमिनीपर्यंत लोळणारे टेबलपोस आणि चकचकीत पत्र्याच्या उपकरणांची रास त्याने बाजूस सारली. सभ्य गृहस्थाच्या संध्याकाळच्या पोशाखात, दिवाणखान्यासारख्या मांडणीत तो उभा राहू लागला. सारे काही उघडे आहे असे दिसल्यावर जे घडते त्याचे आश्चर्य दुणावते, हे गणित त्यामागे होते. पण या बदलाचा एक सामाजिक अर्थही होता. जत्रेत आणि चौकात वाट्या-गोळ्यांचे खेळ करणारा जो कलावंत भुरट्यांच्या पंगतीला बसविला जात होता, त्याला रॉबेर-हूदँने नटाच्या आणि संगीतकाराच्या शेजारी स्थान मिळवून दिले. १८४६ मध्ये मुलगा एमिल याच्यासह केलेल्या 'दुसरी दृष्टी' या प्रयोगाने पॅरिस अक्षरशः वेडे झाले. डोळे बांधलेला मुलगा प्रेक्षकांच्या हातातील वस्तू बिनचूक ओळखत असे. १८४८ च्या राज्यक्रांतीने नाट्यगृहे ओस पडली, तेव्हा त्याने लंडन गाठले आणि तेथे व्हिक्टोरिया राणीपुढेही प्रयोग केले.

पांढऱ्या पत्त्यांचे बिंग

याच सुमारास, १८४९ मध्ये, पॅरिसच्या एका तपासी न्यायाधीशाने त्याच्याकडे पत्त्यांचे १५० जोड तपासणीसाठी पाठविले. ते एका संशयित जुगाऱ्याकडून जप्त करण्यात आले होते. पत्त्यांच्या पाठी कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र होत्या. त्यावर नक्षी नव्हती, खूण नव्हती. भिंगाखाली दिवसचे दिवस घालवूनही काही हाती लागले नाही. अखेर वैतागून टेबलावर फेकलेल्या पत्त्यावर तिरपा उजेड पडला आणि त्या तुकतुकीत पृष्ठभागावर एक किंचित निस्तेज ठिपका दिसला. जवळून पाहिले की तो नाहीसा होई. विशिष्ट कोनातून पाहिले की प्रकट होई. ठिपक्याच्या जागेवरून पत्त्याचे चिन्ह आणि किंमत कळण्याची ती सोय होती.

या अनुभवाची परिणती १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पत्त्यांतील लबाड्यांचे पितळ उघडे पाडणाऱ्या ग्रंथात झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर जादूगार आणि पत्तेचोर हे दोघेही माहितीच्या विषमतेवर जगतात. एका बाजूला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या बाजूला ठाऊक नाही, हेच दोघांचे भांडवल. फरक इतकाच की, जादूगार ही विषमता उघडपणे विकतो आणि गिऱ्हाईक ती समजून-उमजून विकत घेते. पत्तेचोर मात्र विषमता अस्तित्वातच नाही, दोन्ही खेळाडू समान पातळीवर आहेत, असे भासवून समोरच्याचा खिसा रिकामा करतो. बोटांची हालचाल दोघांचीही एकच असू शकते. त्यामुळे कौशल्याचे मूल्य ठरवायचे तर समोरच्या माणसाला काय सांगण्यात आले आहे, हे आधी विचारावे लागते. रॉबेर-हूदँला हा भेद स्पष्ट दिसत होता. तरीही त्याच्या आयुष्यातील सर्वाधिक गाजलेल्या प्रसंगी नेमका हाच भेद धूसर झाला.

अल्जिअर्सची पेटी

१८५२ मध्ये मेहुण्याच्या हाती नाट्यगृह सोपवून तो कालांतराने ब्लवाजवळच्या सँ-जेर्व्हे येथील आपल्या घरी विजेवरील प्रयोगांत रमला. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जिरियास पाचारण केले. १८३० मध्ये अल्जिअर्स जिंकल्यापासून फ्रेंचांना तेथे सतत प्रतिकाराला तोंड द्यावे लागत होते. मराबुत नावाने ओळखले जाणारे धर्मपुरुष चमत्कारांच्या बळावर टोळ्यांना चिथावतात, तेव्हा फ्रेंचांचे चमत्कार त्याहून श्रेष्ठ आहेत असे दाखवून त्यांचा प्रभाव मोडून काढावा, ही लष्करी अधिकाऱ्यांची योजना होती. अल्जिअर्सच्या नाट्यगृहात टोळीप्रमुखांना बोलावून त्यांच्यापुढे प्रयोग करण्यात आले.

त्यातील पेटीचा प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. तळाशी लोखंड बसविलेली एक लहानशी पेटी लहान मूलही उचलू शके. परंतु रंगमंचाखालील विद्युतचुंबक सुरू केला की ती कोणाच्याही बापाला हलत नसे. पॅरिसमध्ये हाच खेळ होत असे तेव्हा पेटी जड झाली अशी बतावणी असे. अल्जिअर्समध्ये कथा बदलण्यात आली. आता पेटी जड होत नव्हती. समोरच्या धट्ट्याकट्ट्या अरबाची शक्तीच हिरावून घेतली जात होती. तो माणूस घामाघूम होऊन पेटीशी झटत असताना मुठीतून विजेचा धक्काही देण्यात आला. त्यानंतर खूण केलेली गोळी आपल्यावर झाडावयास सांगून ती सुरीच्या टोकावरील सफरचंदात झेलण्यात आली आणि शेवटी एक तरुण मूर प्रेक्षकांदेखत अदृश्य झाला. प्रेक्षागृहात पळापळ झाली.

यंत्र तेच, हात तेच. बदलली ती फक्त सांगितलेली गोष्ट. पॅरिसच्या प्रेक्षकाने तिकीट काढून फसवणुकीला संमती दिली होती. अल्जिअर्सच्या प्रेक्षकाला विजेत्या सैन्याने बोलावून घेतले होते आणि त्याच्या अपमानाचाच खेळ मांडला होता. हे सारे शास्त्र व कौशल्य यांचे फळ असून यात मंत्रतंत्र काही नाही, असे दुभाष्यांमार्फत टोळीप्रमुखांना नंतर समजावून देण्यात आले आणि त्यांनी आपल्याला स्तुतिपर सचित्र हस्तलिखित अर्पण केले, असे रॉबेर-हूदँ लिहितो. या खुलाशाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. चमत्काराचा दावा करणाऱ्या भोंदूने तो कधीच केला नसता. पण आधी दहशत आणि मग खुलासा हा क्रमच पुरेसा बोलका आहे. शिवाय करार खेळापूर्वी व्हावा लागतो. खेळ आटोपल्यावर तो करता येत नाही.

आत्मचरित्र वाचताना या मोहिमेने बंड शमले असा समज होतो. तो समज जोपासण्यात लेखकाचे हित होते. इतिहासाचा ताळेबंद वेगळा आहे. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, काबिलियाचा डोंगराळ प्रदेश ताब्यात घेण्यासाठी फ्रेंचांना मोठी लष्करी मोहीम काढावी लागली. मार्च १८७१ मध्ये मोक्रानीच्या नेतृत्वाखाली त्याच भागातून प्रचंड उठाव झाला. १९६२ मध्ये, दीर्घ व रक्तरंजित युद्धानंतर, अल्जिरिया स्वतंत्र झाला. जमीन, कर आणि मानहानी यांतून उठणारा असंतोष विद्युतचुंबकाने खिळवून ठेवता येत नाही.

गुपितांचा वारसा

१८५८ मध्ये आत्मचरित्र आणि १८६८ मध्ये हातचलाखीच्या रहस्यांवरील त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाट्या-गोळ्या, नाणी, पत्ते यांची एकेक क्रिया त्यात बोटागणिक समजावून दिलेली आहे. ज्या धंद्याचे सारे भांडवल गुपितात, त्या धंद्यातील अग्रणीने ते छापून बाजारात आणावे, हे वरवर आत्मघातकी वाटते. परंतु गुपित कळल्याने कोणी जादूगार होत नाही. त्यासाठी खिशात हात घालून वर्षानुवर्षे चालावे लागते. ग्रंथ प्रकाशित झाल्याने कला बुडाली तर नाहीच, उलट तिला शास्त्राची शिस्त आली. १८७८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि पुढील पिढ्यांनी त्यावरच आपली मुळाक्षरे गिरविली.

अखेरची वर्षे दुःखात गेली. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात मुलगा यूजेन जखमी होऊन मृत्यू पावला. प्रशियन सैन्य दाराशी आले तेव्हा कुटुंबाला घराजवळच्या गुहेत लपावे लागले. अल्जिरियात परक्या सैन्याच्या बाजूने उभा राहिलेल्या या माणसाला परक्या सैन्याची भीती म्हातारपणी स्वतःच्या अंगणात अनुभवावी लागली. १३ जून १८७१ रोजी न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. त्या वेळी अल्जिरियातील उठाव अद्याप धुमसत होता.

पुढे एका अमेरिकन तरुणाने भक्तिभावाने हूदँ या नावालाच इकार जोडून हुडिनी हे नाव धारण केले आणि १९०८ मध्ये आपल्याच दैवताचे खंडन करणारे पुस्तक लिहिले. रॉबेर-हूदँने अनेक प्रयोगांचे श्रेय पूर्वसूरींकडून लाटले, असा त्याचा आरोप होता. त्या आरोपांत अभिनिवेश अधिक होता. तथापि कोणतीही कला एकट्याच्या डोक्यातून जन्मत नाही, ही त्यातील शिकवण खरीच. १८८८ मध्ये रॉबेर-हूदँचे नाट्यगृह जॉर्ज मेलिएस याने घेतले आणि सिनेमाचा शोध लागताच पडद्यावर वस्तू अदृश्य करण्याची किमया त्याच वास्तूत बहरली. आपल्याकडेही भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हातचलाखीत निष्णात होते आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोग करीत, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. डोळ्यांना काय दिसते आणि मन काय मानते यांतील फट ओळखण्याची विद्या दोहोंच्या मुळाशी आहे.

१९९८ मध्ये ब्लवाच्या राजवाड्यासमोर रॉबेर-हूदँच्या नावाने जादूचे संग्रहालय सुरू झाले. लहान मुलांनी तेथे जाऊन तोंडात बोटे घालावीत, हे योग्यच आहे. मोठ्यांसाठी त्याच्या चरित्रातील धडा अधिक निकडीचा आहे. दामदुप्पट व्याजाच्या योजना, हवेतून अंगारा काढणारे बुवा, दूरध्वनीवरून बँकेचा अधिकारी म्हणून बोलणारा गोड आवाज, या साऱ्यांना हातचलाखीची मूलतत्त्वे पाठ असतात. आपले लक्ष ते एका हाताकडे वेधतात आणि दुसऱ्या हाताने काम उरकतात. त्यांच्यापासून बचाव करावयाचा तर प्रत्येक क्लृप्ती आधीपासून ठाऊक असणे शक्य नाही. १५० जोडांतील तो ठिपका खुद्द रॉबेर-हूदँलाही भिंगाखाली दिसला नव्हता. पत्ता हातातून सुटला, निराळ्या कोनातून पाहिला गेला, तेव्हाच तो दिसला. समोरचा माणूस आपल्याला कोणत्या खेळात बसवीत आहे आणि त्या खेळाचे तिकीट आपण कधी काढले होते, एवढा प्रश्न वेळीच विचारला तरी बराचसा अनर्थ टळेल.